मोहिमेनंतरचा मृत्यू

तापी आणि मोहना या नद्यांच्या संगमाजवळ, बऱ्हाणपूर शहराबाहेर बोहरडा गावाच्या बाजूला एक छत्री उभी आहे. आसपासची माणसं तिला नुसतं 'राजा की छत्री' म्हणतात. हा राजा म्हणजे मिर्झाराजे जयसिंग. पुरंदरचा तह घडवून आणणारा, शिवाजी महाराजांकडून २३ किल्ले घेणारा आणि त्यांना आग्र्याला पाठवणारा मोगल सेनापती. आग्र्याहून महाराज निसटले, विजापूरची मोहीम फसली, बादशहाची मर्जी उडाली आणि दख्खनची सुभेदारी काढून घेऊन जयसिंगाला परत बोलावलं गेलं. उत्तरेकडे जाताना १६६७ च्या ऑगस्टमध्ये बऱ्हाणपुरात त्याचा मृत्यू झाला. आयुष्यभर रणांगणात वावरलेला हा माणूस रणांगणात मेला नाही. त्याला मरण आलं ते परतीच्या वाटेवरच्या मुक्कामात.

सातपुडा ओलांडून नर्मदेकाठी गेलं की रावेरखेडी लागतं. मराठी माणसाला हे नाव वेगळं सांगावं लागत नाही. थोरले बाजीराव तिथे २८ एप्रिल १७४० रोजी गेले. निजामाचा मुलगा नासिरजंग याच्याशी तह होऊन हंडिया आणि खरगोण हे निमाडातले परगणे नुकतेच पदरात पडले होते आणि त्यांच्याच बंदोबस्तासाठी बाजीराव तिकडे आले होते. लढाई संपली होती. जो एकही लढाई हरला नाही असं आपण अभिमानाने सांगतो, तो सेनापती नर्मदेच्या वाळवंटात तापाने गेला. त्यांच्या समाधीपुढे उभं राहिल्यावर हा मृत्यू लढाईत आला की आजाराने, असा प्रश्न कुणाच्या मनात येत नाही. ते कामावर होते. तेवढं पुरतं.

बऱ्हाणपूरचं नाव घेतलं की मुमताजमहलची आठवणही निघते. शाहजहान दख्खनच्या मोहिमेवर असताना १६३१ च्या जूनमध्ये ती याच शहरात चौदाव्या बाळंतपणात गेली. तापीपलीकडच्या जैनाबादच्या बागेत तिला दफन केलं आणि सहा महिन्यांनी तिचं शव आग्र्याला नेलं. ताजमहाल सगळ्या जगाला ठाऊक आहे. बऱ्हाणपूरकर मात्र बाहेरगावच्या पाहुण्याला आजही त्या बागेतल्या आहुखान्याची वाट दाखवतात आणि कबर आधी इथे होती हे आवर्जून सांगतात. मृत देह गेला तरी जागेने आपला हक्क सोडलेला नाही.

निमाड आणि खानदेशाच्या या सीमेवर उभं राहून मला एका बॉम्बर वैमानिकाबद्दल लिहायचं आहे. त्याचा जन्म इथला नाही, मरणही इथलं नाही. त्याला मरण आलं ते पुण्यात. तरीही त्याच्याकडे जाणारी वाट मला बऱ्हाणपूरवरूनच सापडते, कारण त्याचा मृत्यूही मोहिमेनंतरचा आहे. दोन युद्धं, दोन महावीर चक्रं, आणि दुसरं युद्ध संपून वर्ष होतं न होतं तोच शांततेच्या दिवसांत एक विमान कोसळलं. विंग कमांडर पद्मनाभ गौतम हे त्यांचं नाव. महाराष्ट्राच्या आभाळात ते गेले आणि महाराष्ट्रात त्यांचं नाव फारसं कानावर पडत नाही.

०

पुण्यात खडकीला, मुळा नदीच्या जवळ, दुसऱ्या महायुद्धातल्या सैनिकांचं एक दफनस्थान आहे. राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाकडे त्याची देखभाल आहे. इथे १,६०० च्या वर कबरी आहेत आणि त्यांतल्या पुष्कळशा मुळात इथल्या नाहीत. पश्चिम आणि मध्य भारतात ठिकठिकाणी, छावण्यांच्या कडेला, लहान गावांच्या दफनभूमींत युद्धकाळात पुरलेले सैनिक होते. ज्या कबरींची कायमची निगा त्या जागी राखता येणार नाही असं दिसलं, त्या उचलून खडकीला आणल्या गेल्या. मुमताजच्या बाबतीत बादशहाने एका जिवासाठी जे केलं, ते इथे एका कचेरीने शेकडो अनोळखी पोरांसाठी केलं. त्यांत पायदळातले होते, तोफखान्यातले होते, हवाई दलातलेही होते.

या आयोगाचा एक नियम मला फार मोलाचा वाटतो. ३ सप्टेंबर १९३९ ते ३१ डिसेंबर १९४७ या काळात जो कुणी सैन्याच्या सेवेत असताना मेला, त्याचं स्मारक होणार. तो गोळी लागून गेला, मलेरियाने गेला, नदीत बुडून गेला की सरावाच्या उड्डाणात विमान पडून गेला, याने काहीही फरक पडत नाही. सेनापती असो की साधा शिपाई, खूण सारख्याच मापाची. वर नाव, हुद्दा, पलटण किंवा स्क्वाड्रन, तारीख. मृत्यूचं कारण लिहायला दगडावर जागाच ठेवलेली नाही. ज्यांचे देह सापडले नाहीत किंवा ज्यांना धर्मानुसार अग्नी दिला गेला, त्यांची नावं भिंतींवर आणि स्तंभांवर कोरली गेली.

हवाई दलाच्या बाबतीत या नियमाचं महत्त्व आणखी वाढतं. ब्रिटिश बॉम्बर कमांडचे आकडे पाहा. दुसऱ्या महायुद्धात सुमारे सव्वा लाख माणसं त्यांच्या विमानांतून उडाली आणि त्यांतली ५५,५७३ मेली. म्हणजे शंभरातली चव्वेचाळीस. हे सगळे स्वेच्छेने उडायला आलेले होते, बहुतेक विशी-बाविशीतले. आणि या मृतांपैकी आठ हजारांवर माणसं शत्रूच्या प्रदेशात मेलीच नाहीत. ती प्रशिक्षणात गेली, धुक्यात टेकडीवर आपटून गेली, उतरताना चाक न उघडल्यामुळे गेली. बॉम्बने भरलेलं जड विमान रात्री अंधारात उडवायला शिकणं हेच मुळी जिवावरचं काम होतं. ते शिकताना मेलेल्या मुलाला आणि बर्लिनवर मेलेल्या मुलाला वेगळं करायचं ते कोणत्या मापाने?

त्या बॉम्बर कमांडमध्ये एक मराठी नाव होतं, शैलेंद्र एकनाथ सुखटणकर. मुख्य तांड्याच्या पुढे जाऊन रात्री लक्ष्यावर खुणेचे दिवे टाकणाऱ्या पाथफाइंडर दलात ते नॅव्हिगेटर होते. डिस्टिंग्विश्ड फ्लाइंग क्रॉस मिळवून ते जिवंत परतले आणि पुढे भारतीय हवाई दलात एअर कमोडोर झाले. ज्या कामात चव्वेचाळीस टक्के माणसं मरत होती त्या कामातून परतलेला हा मराठी माणूस आपल्या पाठ्यपुस्तकांत का नाही, हा प्रश्न मी इथे नुसता नोंदवून ठेवतो. त्यांच्यावर स्वतंत्र लेख व्हायला हवा.

बॉम्बर वैमानिकाची आठवण ठेवणं सोपं मात्र नाही. लढाऊ विमानाचा वैमानिक आभाळात दुसऱ्या वैमानिकाशी लढतो, त्यात लोकांना द्वंद्वयुद्ध दिसतं. बॉम्बरखाली माणसं असतात. हॅम्बर्ग आणि ड्रेस्डेन जळाली ती याच विमानांच्या बॉम्बनी, आणि म्हणून युद्ध संपल्यावर त्यांच्या देशालाही या माणसांकडे नीट बघवलं नाही. लंडनच्या ग्रीन पार्कमध्ये त्यांचं स्मारक उभं राहायला २०१२ साल उजाडलं. गणवेशावर लावायची साधी धातूची पट्टी त्यांना २०१३ मध्ये मिळाली, तोवर बहुतेक जण गेलेले होते. बॉम्ब कुठे टाकायचे हे ठरवणाऱ्यांना प्रश्न विचारलेच पाहिजेत. पण उत्तर येईपर्यंत मेलेल्या पोरांना वाट पाहायला लावणं मला अन्यायाचं वाटतं.

०

भारताच्या बॉम्बर दलाचा जन्म भंगारातून झाला. युद्ध संपल्यावर अमेरिकन बनावटीची लिबरेटर ही चार इंजिनांची अवजड विमानं कानपूरला मोडीत काढून टाकलेली होती. पुन्हा कुणी वापरू नयेत म्हणून त्यांची जाणूनबुजून नासधूस केलेली. हिंदुस्थान एअरक्राफ्टच्या कामगारांनी ती जेमतेम उडण्यापुरती दुरुस्त केली आणि जमशेद मुन्शी या वैमानिकाने ती एकेक करून बंगळूरला नेली. तिथे चाळीसच्या आसपास लिबरेटर नव्याने उभी राहिली आणि नोव्हेंबर १९४८ मध्ये त्यांच्यावर ५ स्क्वाड्रन सुरू झाली. पुढे समुद्रावर गस्त घालणारी लिबरेटर पुण्याच्या लोहगाव तळावरून उडत. ती १९६८ पर्यंत टिकली. जगाने केव्हाच भंगारात काढलेलं विमान पुण्याच्या आभाळात तेवढी वर्षं घरघरत होतं.

मग कॅनबेरा आलं. इंग्लिश इलेक्ट्रिक कंपनीचं हे दोन जेट इंजिनांचं बॉम्बर १९४९ मध्ये पहिल्यांदा उडालं होतं. भारताने १९५७ मध्ये त्याची मागणी नोंदवली. ५, १६ आणि ३५ या स्क्वाड्रनना बॉम्बर मिळाली आणि टेहळणीसाठी १०६ स्क्वाड्रनला छायाचित्रं घेणारी वेगळी आवृत्ती मिळाली. ऑक्टोबर १९६१ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या विनंतीवरून सहा कॅनबेरा आफ्रिकेत काँगोला गेली. त्याच वर्षी डिसेंबरच्या १८ तारखेला विंग कमांडर एन. बी. मेनन यांच्या नेतृत्वाखाली पुण्याहून उडालेल्या १२ कॅनबेरांनी गोव्यातल्या दाबोळीच्या धावपट्टीवर ६३,००० पौंड बॉम्ब टाकले. टर्मिनलची इमारत आणि नियंत्रण मनोरा यांना हात लावायचा नाही असा हुकूम होता आणि तो पाळला गेला. गोवा मोकळा झाला त्याची आठवण काढताना सत्याग्रहींची नावं आपण घेतो ते योग्यच आहे. पहाटे लोहगावहून उठलेल्या या विमानांचा त्या कथेतला वाटा मात्र आपण बहुधा सांगत नाही.

या विमानाच्या आतली रचना समजल्याशिवाय त्यातल्या माणसांचं धैर्य समजत नाही. भारताने घेतलेल्या बॉम्बरमध्ये दोन माणसं असत, वैमानिक आणि नॅव्हिगेटर. वैमानिक वर, डाव्या बाजूला सरकवलेल्या काचेच्या घुमटाखाली बसे. हा घुमट उघडत नसे. उन्हाळ्यात धावपट्टीवर थांबलेलं असताना आतला माणूस उन्हात ठेवलेल्या लोणच्याच्या बरणीत बसल्यासारखा शिजत असे. नॅव्हिगेटरची जागा त्याच्या खाली, विमानाच्या नाकात. नकाशा, दिशा, वेळ, इंधन यांची आकडेमोड त्याने तिथे बसून करायची आणि लक्ष्य जवळ आलं की पुढच्या काचेपाशी पालथं पडून बॉम्ब सोडायचे.

वैमानिकाच्या आसनाखाली स्फोटक होतं. विमान हाताबाहेर गेलं की दांडी ओढायची, आसन माणसासकट बाहेर फेकलं जाई आणि हवाई छत्री उघडे. नॅव्हिगेटरला असं आसनच नव्हतं. त्याने जागेवरून उठायचं, छत्री अडकवायची, सरपटत दारापर्यंत जायचं, दार उघडायचं आणि उडी टाकायची. सरळ, शांत उडणाऱ्या विमानात हे जमेल. जळत्या, गरगरत खाली जाणाऱ्या विमानात ते कितीदा जमणार? हवाई दलातल्या प्रत्येक कॅनबेरा नॅव्हिगेटरला हे पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं, आणि तरी ते दर रात्री त्या नाकात जाऊन बसत होते.

पाकिस्तानशी युद्ध चालू असताना, २१ सप्टेंबर १९६५ च्या रात्री हे हिशेब खरे ठरले. सरगोध्याच्या तळावर बॉम्ब टाकून एक कॅनबेरा परतत होतं. वैमानिक फ्लाइट लेफ्टनंट लोव, नॅव्हिगेटर फ्लाइट लेफ्टनंट के. के. कपूर. सीमा जवळ आली होती. रात्री रडारवर शिकार हुडकू शकणारं पाकिस्तानचं स्टारफायटर पाठीमागे लागलं आणि त्याने सोडलेलं साइडवाइंडर क्षेपणास्त्र कॅनबेरावर आदळलं. लोव आसनासकट बाहेर फेकले गेले, युद्धकैदी झाले, नंतर मायदेशी आले. कपूर विमानातच राहिले. युद्धबंदी दोन दिवसांवर आली होती. एकाच विमानातल्या, एकाच हुद्द्याच्या दोन माणसांपैकी एक का वाचला आणि एक का नाही याचं उत्तर एका आसनाच्या रचनेत आहे. कपूर यांचं नाव मी इथे मुद्दाम पूर्ण वाक्यात लिहितो, कारण बॉम्बरची कथा सांगताना नॅव्हिगेटरचं नाव नेहमी वैमानिकाच्या मागे पडतं.

सीमेपलीकडेही हेच विमान होतं, हे सांगितलं नाही तर चित्र अर्धं राहील. पाकिस्तानकडची बी-५७ बॉम्बर म्हणजे अमेरिकेत परवान्याने बांधलेली कॅनबेराच. ६ सप्टेंबर १९६५ च्या रात्री जामनगरवर आलेलं एक बी-५७ परत गेलं नाही. त्यात स्क्वाड्रन लीडर शब्बीर आलम सिद्दीकी आणि त्यांचे नॅव्हिगेटर अस्लम कुरेशी होते. एकाच आराखड्यावर बांधलेली विमानं अंधारात एकमेकांच्या तळांवर जात होती आणि दोन्हीकडच्या घरांत कुणीतरी पहाटेपर्यंत जागं राहत होतं.

०

गौतम १९६५ च्या त्या युद्धात स्क्वाड्रन लीडर होते. कॅनबेराचं काम बहुतेक रात्रीचं असे. जमिनीलगत, रडारच्या नजरेखालून शत्रूच्या हद्दीत शिरायचं, लक्ष्याजवळ आल्यावर वर चढायचं, आधी एकाने प्रकाशगोळे टाकून जागा दाखवायची आणि मागच्यांनी बॉम्ब टाकायचे. वर चढलं की शत्रूला दिसणार, तोफा सुरू होणार आणि स्टारफायटर शोधत येणार हे ठरलेलंच. जमिनीवरचे दिवे विझवलेले. अंतर आणि वेळ यांचं गणित एका मिनिटाने चुकलं तर खालची धावपट्टी सापडायची नाही आणि परत फेरी मारण्याइतकं इंधनही उरायचं नाही. अशा रात्रींतल्या कामगिरीसाठी गौतम यांना महावीर चक्र मिळालं. परमवीर चक्रानंतरचा युद्धातला हा सर्वांत मोठा सन्मान.

सहा वर्षांनी पुन्हा युद्ध झालं तेव्हा ते विंग कमांडर होते आणि १६ स्क्वाड्रन त्यांच्या हाती होती. स्क्वाड्रनच्या प्रमुखाने प्रत्येक मोहिमेवर स्वतः गेलंच पाहिजे असं नाही. मागे थांबून आखणी करणंही कामच असतं. गौतम पुढे गेले. डिसेंबर १९७१ च्या पहिल्या आठवड्यात मियाँवालीच्या हवाई तळावर रात्रीचे हल्ले झाले, त्यांचं नेतृत्व त्यांनी केलं. खालून विमानवेधी तोफा पेटलेल्या असताना कमी उंचीवर उतरून त्यांनी मारा केला. माँटगोमेरी, म्हणजे आताचं साहिवाल, आणि रायविंड यांच्या टापूत मालगाड्या जुळवण्याची रेल्वे यार्डं होती, तीही त्यांनी लक्ष्य केली. लढाईच्या आघाडीला दारूगोळा आणि इंधन पोचतं ते अशा यार्डांतून. बॉम्बर वैमानिकाने यार्ड मोडलं की शेकडो कोस दूरच्या तोफेला गोळा कमी पडतो, पण तोफेजवळच्या जवानाला ते कुणी केलं हे कधीच कळत नाही.

त्यांना दुसऱ्यांदा महावीर चक्र जाहीर झालं. दुसऱ्यांदा मिळालेलं पदक वेगळं देत नाहीत, पहिल्याच फितीवर एक पट्टी चढते. भारताच्या इतिहासात अशी पट्टी मिळवणारे सहाच जण आहेत. चार भूदलातले, दोन हवाई दलातले. हवाई दलातले दोघे म्हणजे जगमोहन नाथ आणि पद्मनाभ गौतम, आणि दोघेही कॅनबेराचे. नाथ १०६ स्क्वाड्रनचे. त्यांनी बॉम्बऐवजी कॅमेरा घेऊन तिबेटवर आणि नंतर पाकिस्तानवर उड्डाणं केली. लढाऊ विमानांच्या झगमगाटात ज्या अवजड, देखण्यात मोडत नसलेल्या विमानाची फारशी गोष्ट सांगितली गेली नाही, त्याच विमानाच्या दोन माणसांना देशाने हा सन्मान दोनदा दिला, ही बाब शाळेतल्या मुलांना माहीत असायला हवी.

भूदलातल्या चौघांपैकी एक नाव पुण्याला चांगलं ठाऊक आहे, जनरल अरुणकुमार वैद्य. पहिलं महावीर चक्र त्यांनी १९६५ मध्ये डेक्कन हॉर्स या रणगाडा पलटणीचे प्रमुख असताना मिळवलं, दुसरं १९७१ मध्ये बसंतरच्या लढाईत. पुढे लष्करप्रमुख झाले. निवृत्तीनंतर पुण्यात राहायला आल्यावर १० ऑगस्ट १९८६ रोजी अतिरेक्यांनी त्यांना रस्त्यात गोळ्या घातल्या. भवानी पेठेतल्या स्टेडियमला त्यांचं नाव आहे आणि त्या दिवसाची आठवण सांगणारी माणसं अजून शहरात भेटतात. म्हणजे दोनदा महावीर चक्र मिळवलेल्या सहा जणांपैकी दोघांचा अंत पुण्यात झाला. एकाचं नाव शहराच्या तोंडी आहे. दुसऱ्याचं नाही.

गौतम यांचा मृत्यू नोव्हेंबर १९७२ मधला. विमान मिग-२१, जागा पुणे. युद्धबंदीला जेमतेम अकरा महिने झाले होते आणि सिमला करारावर सह्या होऊन पाच. दोन युद्धांत त्यांनी दोन इंजिनांचं विमान उडवलं. एक इंजिन बंद पडलं तरी दुसऱ्यावर घरी येता येईल असं. मिग-२१ ला एकच इंजिन. तिखट, वेगवान, चुकीला क्षमा न करणारं हे विमान तेव्हा भारतीय हवाई दलाचा कणा होत होतं. ते सप्टेंबर २०२५ मध्ये निवृत्त झालं तेव्हा त्याच्या गौरवाबरोबर त्याच्या अपघातांत गेलेल्या वैमानिकांचीही आठवण देशभर निघाली. ती आठवण काढताना ज्यांचं नाव आधी घ्यायला हवं, त्यांत गौतम होते.

अपघातात गेलेल्या वैमानिकाची गोष्ट सांगताना आपण शेवटच्या क्षणात काहीतरी थोर घडवून आणतो. वस्ती वाचवली, शाळा वाचवली. कित्येकदा ते खरंही असतं. पण ते घडलं नसतं तर मृत्यू कमी मोलाचा ठरला असता का? शांततेच्या दिवशी सकाळी उठून नव्या, अवघड विमानात बसणं हे युद्धाच्या तयारीचंच काम आहे. १९७१ मध्ये मियाँवालीवर अचूक मारा झाला तो आधीची कित्येक वर्षं कुणी ना कुणी अशा सकाळी उडत होतं म्हणून. गौतम यांच्या मृत्यूला वेगळी कथा जोडण्याची मला गरज वाटत नाही.

०

शासनाच्या कागदांत मात्र भेद आहे आणि त्याला कारणही आहे. आपल्या सैन्यदलांत शत्रूशी लढताना किंवा लष्करी कारवाईत गेलेल्याची नोंद एका प्रकारात होते, सेवेत असताना अपघाताने किंवा आजाराने गेलेल्याची दुसऱ्या. कुटुंबाला मिळणारं निवृत्तिवेतन, सानुग्रह रक्कम, सवलती या नोंदीवर ठरतात. हिशेबाला अशी वर्गवारी लागते हे मान्य. दिल्लीत २५ फेब्रुवारी २०१९ रोजी उद्घाटन झालेल्या राष्ट्रीय युद्धस्मारकाच्या त्यागचक्रात ग्रॅनाइटच्या पाट्यांवर स्वातंत्र्यानंतर लढाईत आणि कारवायांत पडलेल्या पंचवीस हजारांवर सैनिकांची नावं आहेत. ते स्मारक व्हायलाच हवं होतं, उशिरा का होईना झालं.

माझी तक्रार त्यापुढची आहे. हिशेबासाठी केलेली वर्गवारी हळूहळू आपल्या मनात उतरते. लढाईत गेला तो हुतात्मा, सरावात गेला तो दुर्दैवी. पहिल्याच्या नावाने चौक होतो, दुसऱ्याच्या घरी चार दिवस माणसं येतात. वर्तमानपत्रात दुसऱ्या दिवशी चौकशी समितीची बातमी असते, तिसऱ्या दिवशी काही नसतं. त्या घरातल्या बाईला लोक विचारतात, 'युद्धात गेले का?' आणि तिला 'नाही' म्हणावं लागतं. त्या 'नाही'मुळे समोरच्याच्या चेहऱ्यावर जो फरक पडतो, तो आपण पाडायला नको.

१९७१ नंतर पाकिस्तानातून न परतलेल्या ५४ जणांच्या यादीत कॅनबेराचे वैमानिक आणि नॅव्हिगेटरही आहेत. त्यांच्या कुटुंबांनी तर 'गेले' हा शब्दही उच्चारायचं वर्षानुवर्षं नाकारलं. पाकिस्तानातल्या तुरुंगांपर्यंत ती माणसं जाऊन आली. ते मृत आहेत की नाहीत हेही ठरलेलं नसताना त्यांची आठवण कोणत्या प्रकारात घालायची? तिथे वर्गवारी पार कोलमडते आणि फक्त नाव उरतं.

बऱ्हाणपूरकडे पाहताना मला वाटतं, आपल्या लोकांची जुनी रीत अधिक शहाणी होती. बाजीरावांच्या समाधीवर ताप लिहिलेला नाही. बोहरड्याच्या छत्रीखाली शेजारच्या गावातला शेतकरी सावलीला बसतो तेव्हा राजा कसा मेला याची चौकशी करत नाही. खडकीच्या दफनस्थानाचा आराखडा करणारे वेगळ्या देशाचे, वेगळ्या धर्माचे लोक होते, पण तेही याच ठिकाणी येऊन पोचले. सेवेत गेला, एवढं पुरे.

०

लोहगाव हे तुकाराम महाराजांचं आजोळ. तिथला हवाई तळ १९३९ मध्ये मुंबईच्या रक्षणासाठी उभारला गेला. लिबरेटर, कॅनबेरा, मिग आणि आता सुखोई, सगळी तिथून उडाली. त्याच धावपट्टीवरून पुण्याचं नागरी विमानतळ चालतं. २०२४ मध्ये नवं टर्मिनल सुरू झालं आणि रोज हजारो माणसं तिथे रांगेत उभी राहून कॉफी पीत असतात, फोनवर बोलत असतात. खिडकीतून कधीतरी सुखोईची जोडी उठताना दिसते आणि लहान मुलं ओरडतात.

त्या टर्मिनलच्या आत, प्रवाशांना दिसेल अशा भिंतीवर, या तळावरून उडून परत न आलेल्यांची नावं लावावीत अशी माझी मागणी आहे. महाराष्ट्र शासन, महापालिका, हवाई दल, विमानतळ प्राधिकरण यांपैकी कुणीही पुढाकार घ्यावा. खर्च फार नाही. देवनागरीत लिहावं, म्हणजे धानोरीच्या, विमाननगरच्या, खुद्द लोहगावच्या मुलाला वाचता येईल. वैमानिकाशेजारी नॅव्हिगेटरचं नाव त्याच आकारात असावं. लिबरेटरच्या जमान्यापासून सुरुवात करावी. नावं हुद्द्याने लावू नयेत, पदकांनीही नाही, तारखेच्या क्रमाने लावावीत. म्हणजे १९७२ च्या नोव्हेंबरपाशी पद्मनाभ गौतम येतील, त्यांच्या आधी आणि नंतर ज्यांना एकही पदक मिळालं नाही अशी विशी-बाविशीतली मुलं येतील, आणि मृत्यूचं कारण लिहायचा रकाना त्या भिंतीवर कुठेही नसेल.